अखेरच्या सेवेची पारख : हॉस्पिसच्या दर्जाचा एक इतिहास

माथेरानच्या पायथ्याशी वसलेले नेरळ हे आरोग्याच्या शोधात निघालेल्या माणसांच्या वाटेवरचे जुने गाव होय. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि पुढे ते ठिकाण मुंबईकरांचे हवापालटाचे स्थान म्हणून नावारूपास आले. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी सुरू होईपर्यंत माणसे डोलीतून, घोड्यावरून अथवा पायी डोंगर चढत असत. त्या काळी अशा ठिकाणाची पारख करण्याची रीत सोपी होती. हवा कोरडी आहे काय, पाणी चांगले आहे काय, राहावयास स्वच्छ जागा आहे काय, एवढे पाहिले की काम भागत असे.

पुढे त्याच नेरळ स्थानकावरून रुग्णांची वाट उलट दिशेने, मुंबईकडे वळली. परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि कर्करोगावरील उपचारांसाठी कर्जत, खालापूर या तालुक्यांतील माणसेही मुंबईची गाडी पकडू लागली. कित्येक जण बरे होऊन परतले. परंतु ज्यांच्या बाबतीत ‘आता घरी घेऊन जा’ असे सांगितले गेले, त्यांच्यापुढे आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. रोग बरा होणार नाही, पण माणूस अद्याप जिवंत आहे; त्याला वेदना आहेत, भीती आहे, काही सांगावयाचे आहे. या उरलेल्या दिवसांची सेवा कोणी करावी? आणि जो ती करावयास पुढे येतो, त्याची सेवा चांगली की वाईट हे कशावरून ओळखावे? रुग्ण बरा झाला की इस्पितळाचे यश दिसते. येथे मात्र रुग्ण जाणार हे ठरलेलेच असते. मग यश कशात मोजावयाचे? गेल्या पाऊणशे वर्षांत या प्रश्नाचे जे उत्तर हळूहळू घडत गेले, त्याचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

आश्रयापासून आरंभ

‘हॉस्पिस’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा संबंध अतिथ्याशी आहे. मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंच्या वाटेवर मठांनी चालविलेली विश्रामस्थाने या नावाने ओळखली जात. आपल्याकडील धर्मशाळेशी त्यांचे बरेच साम्य होते. केवळ मरणोन्मुख रुग्णांसाठी अशी वेगळी जागा निर्माण करण्याचे श्रेय फ्रान्समधील ल्यों शहरातील जान गार्निए या विधवेला दिले जाते. १८४२ साली तिने हे कार्य आरंभिले. त्यानंतर १८७९ मध्ये डब्लिन येथे आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात आयरिश जोगिणींनी अशी गृहे स्थापन केली.

या आरंभीच्या गृहांची पारख सेवाभावावरून होत असे. ज्यांना इस्पितळाने नाकारले, ज्यांना घरदार नव्हते, अशांना छप्पर, स्वच्छ बिछाना, ऊन अन्न आणि प्रेमाचा शब्द मिळत असे. हे मोल लहान नव्हते. तथापि त्या सेवेत एक उणीव होती. वेदनांपुढे बहुतेक सर्वच हतबल होते. औषध होते, पण ते क्वचित आणि उशिरा दिले जाई. रुग्ण असह्य वेदनेने ओरडेपर्यंत थांबावयाचे, मग सुई टोचावयाची आणि पुन्हा वेदना उफाळेपर्यंत वाट पाहावयाची, हा सर्वत्रचा शिरस्ता होता. सेवाभाव आणि सेवेचा दर्जा या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव अद्याप व्हावयाची होती.

सिसिली सॉन्डर्स यांनी बदललेले माप

ती जाणीव घडविण्याचे मुख्य कार्य सिसिली सॉन्डर्स या इंग्रज महिलेने केले. १९१८ साली जन्मलेल्या सॉन्डर्स प्रथम परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयीन समाजसेविका झाल्या आणि पुढे वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९५७ मध्ये, डॉक्टर झाल्या. समाजसेविका असताना डेव्हिड टास्मा नावाच्या, पोलंडहून आलेल्या एका ज्यू रुग्णाशी त्यांची ओळख झाली. १९४८ साली मृत्युसमयी त्याने आपली पाचशे पौंडांची पुंजी त्यांच्या नियोजित गृहाच्या एका खिडकीसाठी म्हणून ठेवली. त्या खिडकीभोवती इमारत उभी राहण्यास पुढे एकोणीस वर्षे लागली. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा प्रारंभ येथूनच मानला जातो.

मधल्या काळात सॉन्डर्स यांनी हॅकनीच्या त्या जुन्या गृहात सात वर्षे काम केले. तेथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे वेदना परत येण्यापूर्वीच, ठराविक वेळेने, तोंडावाटे मॉर्फिनसारखे औषध देण्याची पद्धत त्यांनी काटेकोरपणे राबविली. दुसरी म्हणजे त्यांनी नोंदी ठेवल्या. सुमारे हजार रुग्णांची टिपणे त्यांनी जमविली, कित्येकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. रुग्ण आपल्या वेदनेविषयी काय सांगतो हे लिहून ठेवणे, हीच दर्जाच्या मोजमापाची पहिली पायरी होती. या नोंदींतूनच ‘समग्र वेदना’ ही त्यांची संकल्पना आकारास आली. शरीराचे दुखणे, मनाची भीती, मागे राहणाऱ्यांची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा आत्मिक प्रश्न, असे वेदनेचे चार पदर त्यांनी दाखविले. यांपैकी एकाच पदरावर उपचार करणारी सेवा अपुरी होय, हे नवे माप त्यांनी जगापुढे ठेवले. १९६९ पासून त्यांच्या संस्थेने रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देण्यासही प्रारंभ केला. हॉस्पिस ही केवळ इमारत नसून सेवेची पद्धत आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

१९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. साध्या गोळीपासून आरंभ करावा, गरजेप्रमाणे वरची पायरी गाठावी, औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे, असे तिचे साधे सूत्र होते. महागडी यंत्रे नसलेल्या देशातही वेदनामुक्ती शक्य आहे, हे यामुळे सिद्ध झाले.

मुंबई, पुणे आणि कालिकत

योगायोगाने त्याच वर्षी, १९८६ मध्ये, मुंबईतील वांद्रे येथे ‘शांती आवेदना’ ही संस्था सुरू झाली. टाटा स्मारक रुग्णालयाशी संबंधित शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी स्थापन केलेली ही संस्था भारतातील पहिले हॉस्पिस म्हणून ओळखली जाते. कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांना जात, धर्म न पाहता व मोबदला न घेता येथे ठेवून घेण्यात येऊ लागले. ख्रिस्ती जोगिणींनी शुश्रूषेची धुरा वाहिली. पुढे गोवा आणि दिल्ली येथेही संस्थेची केंद्रे निघाली.

परंतु नेमक्या याच सुमारास एक मोठा अडसर उभा राहिला. १९८५ साली अमली पदार्थविषयक कडक कायदा संमत झाला. नशेच्या व्यापारास आळा घालणे हा त्याचा हेतू योग्यच होता. पण मॉर्फिन बाळगण्यासाठी अनेक परवाने एकाच वेळी वैध असणे आवश्यक ठरले आणि चुकीस जबर शिक्षा ठेवली गेली. परिणामी औषध विक्रेत्यांनी आणि इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ ते १९९७ या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते आणि ती अफू परदेशी औषधनिर्मितीसाठी निर्यात होते, त्याच देशातील कर्करुग्ण औषधावाचून तळमळत राहिले. डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी मॉर्फिनची गोळी हाताळल्याविना तयार झाली. २०१४ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि अत्यावश्यक अशा सहा औषधांसाठी देशभर एकसमान व सुटसुटीत परवाना पद्धत आणली. कायदा सुधारला, तरी मनातील भीती ओसरण्यास वेळ लागतो.

या प्रतिकूल काळातही वाटा शोधल्या गेल्या. १९९३ साली केरळमधील कालिकत येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक सेवेची संस्था स्थापन केली. खाटा वाढविण्यापेक्षा शेजारीपाजारी माणसांना प्रशिक्षण देऊन रुग्णाच्या घरी सेवा पोहोचविण्याचा मार्ग तेथे विकसित झाला. आठवड्यातून किमान दोन तास देण्यास तयार असलेले शिक्षक, दुकानदार, गृहिणी या सेवेचा कणा बनले. १९९४ साली भारतीय उपशामक सेवा संघटना स्थापन झाली. १९९७ साली पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनने विनामूल्य सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. रुग्णासोबत कुटुंबातील एका माणसाने राहावे आणि शुश्रूषा शिकून घरी जावे, असा प्रघात तेथे पडला. टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ पासून या विषयातील पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला आणि केरळपाठोपाठ महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले.

गुणवत्ता अंकांत कशी आली

सेवा वाढू लागली तशी तिची पारख करण्याची गरज भासू लागली. १९६६ साली अव्हेदिस दोनाबेदियन या अमेरिकेतील विद्वानाने वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा असे सुचविले होते : साधने, कार्यपद्धती आणि परिणाम. किती खाटा, किती परिचारिका, औषधांचा साठा केवढा, हे झाले पहिले अंग. रुग्णाला वेदनेविषयी रोज विचारले जाते काय, औषध वेळेवर मिळते काय, हे दुसरे. आणि रुग्णाची वेदना खरोखर उतरली काय, हे तिसरे. हॉस्पिसच्या बाबतीत तिसरे अंग सर्वांत अवघड, कारण साक्ष देणारा माणूस थोड्याच दिवसांत निघून जातो.

यावर उपाय म्हणून रुग्णालाच सोप्या शब्दांत विचारण्याच्या पद्धती निघाल्या. १९९१ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे वेदना, थकवा, मळमळ, उदासी, धाप इत्यादी त्रासांना शून्य ते दहा असे अंक देण्याची पद्धत तयार झाली. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे असह्य. लंडनमध्ये १९९९ साली आलेल्या प्रश्नावलीत रुग्णाची काळजी, त्याला मिळालेली माहिती आणि कुटुंबाची चिंता यांचाही समावेश झाला. भारतातील तज्ज्ञांनीही आपल्या परिस्थितीस साजेशा किमान दर्जाच्या सूची तयार केल्या. त्यांत उंची फर्निचर नव्हते. मॉर्फिनचा अखंड साठा, प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका आणि वेदनेची लेखी नोंद अशा साध्या पण टाळता न येणाऱ्या बाबी होत्या.

याच काळात देशांचीही तुलना झाली. २०१० साली ‘इकॉनॉमिस्ट’ समूहाच्या अभ्यास विभागाने मृत्युसमयीच्या सेवेनुसार चाळीस देशांची क्रमवारी लावली. ब्रिटन पहिला आला आणि भारत चाळिसावा. २०१५ च्या ऐंशी देशांच्या क्रमवारीत ब्रिटन पुन्हा पहिला राहिला, तर भारताचा क्रमांक ६७ वा लागला. या क्रमवारीने अनेकांना धक्का बसला. पण त्यातून चर्चेला तोंड फुटले, हा लाभही झाला.

मापाचेही धोके

मोजमाप आले म्हणजे दर्जा आला, असे मात्र होत नाही. याचा धडा पहिल्या क्रमांकाच्या ब्रिटननेच दिला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लिव्हरपूल येथे एका हॉस्पिसमधील उत्तम सेवेचा अनुभव इस्पितळांतही पोहोचावा म्हणून एक कार्यसूची तयार करण्यात आली. अखेरच्या दिवसांत काय करावे, काय थांबवावे, याची ती क्रमवार यादी होती. मुळात हेतू उदात्त होता. पण ती देशभर पसरली, तिच्या वापरासाठी इस्पितळांना आर्थिक उत्तेजन मिळू लागले आणि पुरेसे शिक्षण नसलेल्या कर्मचाऱ्यांच्या हाती ती केवळ खुणा करण्याची यादी उरली. घरच्या माणसांना न विचारता रुग्ण त्या यादीवर चढविला गेला, त्याला घोटभर पाणीही मिळाले नाही, अशा तक्रारी आल्या. २०१३ साली ज्युलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. यादी चुकीची नव्हती. यादीमागचा माणूस हरवला होता.

दुसरा धडा अमेरिकेचा. तेथे १९८२ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यात हॉस्पिसचा समावेश झाला. सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केले की संस्थेस दर दिवसाप्रमाणे ठराविक रक्कम मिळू लागली. त्या दिवशी परिचारिका घरी गेली काय किंवा न गेली काय, रक्कम बहुधा तीच. कालांतराने या क्षेत्रात नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांचे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. कमी कष्टाचे व अधिक काळ राहणारे रुग्ण घ्यावयाचे आणि भेटी कमी करावयाच्या, हा मोह काही ठिकाणी बळावला. यावर उतारा म्हणून २०१५ पासून रुग्णाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी कुटुंबीयांना प्रश्नावली पाठवून त्यांचे मत घेतले जाऊ लागले. मदत वेळेवर मिळाली काय, आदराने वागविले काय, शुश्रूषा करण्यास शिकविले काय, असे ते प्रश्न आहेत.

कुटुंबीयांच्या मतालाही एक मर्यादा आहे. दुःखात असताना ज्यांनी विनामूल्य आसरा दिला त्यांच्याविषयी वाईट बोलण्यास कोणाचीही जीभ धजत नाही. कृतज्ञता ही सुंदर भावना आहे, पण ती दर्जाचा पुरावा नव्हे. म्हणून ‘तुम्ही समाधानी आहात काय?’ असे न विचारता ‘रात्री दोन वाजता वेदना झाल्या तेव्हा कोण आले, किती वेळाने आले?’ असे विचारावे लागते. घटना विचारली की उत्तर खरे येते.

परंपरेतील आधार

जैन परंपरेला हा विषय परका नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आभ्यंतर तपांच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याचा, म्हणजे सेवेचा समावेश आहे आणि ज्यांची सेवा करावयाची त्या दहांमध्ये ‘ग्लान’, म्हणजे रुग्ण, हा स्वतंत्रपणे गणला आहे. सेवेला दानाबरोबरच तपाचे स्थान देण्यामागील अर्थ असा की, सेवा करणाऱ्याने स्वतःला शिस्त लावून घेतली पाहिजे. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जिजीभॉय व जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पांजरापोळीतही, जो बरा होणार नाही त्याला टाकून द्यावयाचे नाही, हेच तत्त्व होते.

येथे एक भेद स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे. हॉस्पिसची सेवा आणि संथारा वा सल्लेखना या भिन्न बाबी आहेत. हॉस्पिस मृत्यू लवकर आणत नाही आणि लांबवीतही नाही. ते वेदना हलकी करते. संथारा हे धार्मिक व्रत असून त्यासंबंधी राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये दिलेल्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. कृत्रिम उपचार नाकारण्याचा रुग्णाचा अधिकार हा तिसरा विषय होय. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ साली मान्य केला आणि आगाऊ इच्छापत्राची पद्धत २०२३ मध्ये सोपी केली. चांगली सेवासंस्था या तिन्हींची सरमिसळ करीत नाही आणि रुग्णाची इच्छा समजून घेतल्याविना एकही पाऊल उचलीत नाही.

पारख करताना विचारावयाचे प्रश्न

या सर्व इतिहासाचे सार नेरळ परिसरातील एखाद्या कुटुंबास किंवा देणगी देऊ इच्छिणाऱ्या विश्वस्तांस उपयोगी पडावयाचे असेल, तर ते काही प्रश्नांच्या रूपाने मांडता येईल.

पहिला प्रश्न वेदनेचा. संस्थेकडे तोंडावाटे देण्याचे मॉर्फिन असते काय, त्याची रीतसर मान्यता आहे काय, मागील वर्षभरात साठा कधी संपला होता काय? मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठतेवरील औषध सुरू करतात काय? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्याच्या उत्तरावरून डॉक्टरांना हा विषय कितपत ठाऊक आहे ते कळून येते. रुग्णाच्या कागदावर वेदनेचा आकडा रोज लिहिलेला असावा.

दुसरा प्रश्न रात्रीचा. दिवसा प्रत्येक संस्था चांगली दिसते. रात्री किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात आणि औषध देण्याचा अधिकार कोणाजवळ असतो, हे विचारावे. हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस वेळोवेळी बदलली नाही तर पाठीवर शय्याव्रण होतात. तोंडाची स्वच्छता राखली नाही तर अन्न गिळणे अशक्य होते. कर्करोगाच्या जखमेची दुर्गंधी साध्या औषधाने आटोक्यात येते, पण त्यासाठी रोजचे ड्रेसिंग लागते. पूर्वसूचना न देता जेवणाच्या वेळी एक फेरी मारली तर पुष्कळ उत्तरे न विचारताच मिळतात.

तिसरा प्रश्न बोलण्याचा. आजाराविषयी रुग्णाला काय सांगावे आणि कधी, याचा विचार संस्था कुटुंबासह बसून करते काय? घरोघरी ‘त्यांना काही सांगू नका’ असा आग्रह असतो आणि रुग्ण मात्र सारे जाणून एकटाच घुसमटत असतो. ही कोंडी हळुवारपणे फोडणे हा सेवेचाच भाग आहे.

चौथा प्रश्न घराचा. बहुतेकांना अखेर आपल्या अंगणात व्हावी असे वाटते. वांद्रे किंवा वारजे येथील खाट कितीही चांगली असली, तरी कर्जत-खालापूरच्या आतल्या गावातील किंवा वाडीतील रुग्णास, विशेषतः भर पावसाळ्यात, ती दूर पडते. म्हणून संस्था घरच्या माणसांना शुश्रूषा शिकविते काय, रात्री दूरध्वनीवर कोणी उत्तर देते काय, जवळच्या डॉक्टरांशी संपर्क ठेवते काय, हे पाहावे. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत ज्येष्ठांची व उपशामक सेवा समाविष्ट आहे. नेरळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय यांच्याकडे या सेवेविषयी चौकशी करणे हा नागरिकांचा हक्क आहे.

पाचवा प्रश्न श्रद्धेचा. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमूळवर्ज्य आहार, नित्यपाठ, साधु-साध्वींचे दर्शन या गोष्टींना संस्थेत जागा आहे काय? त्याचप्रमाणे शेजारच्या खाटेवरील अन्यधर्मीय रुग्णाच्या श्रद्धेलाही तेवढीच जागा आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तरच पहिल्याचे उत्तर विश्वासार्ह मानावे.

सहावा प्रश्न पैशाचा. काय विनामूल्य, काय सशुल्क, हे लेखी मिळते काय? विश्वस्त संस्थेचे हिशेब व वार्षिक अहवाल पाहावयास मिळतात काय? प्रवेश नाकारलेल्या रुग्णांची नोंद ठेवली जाते काय? कोणाला घेतले याबरोबरच कोणाला घेतले नाही, यावरूनही संस्था कळते.

सातवा आणि शेवटचा प्रश्न मृत्यूनंतरचा. आवश्यक दाखला वेळेवर मिळतो काय? महिन्याभराने कोणी घरी येऊन किंवा दूरध्वनी करून मागे राहिलेल्यांची विचारपूस करते काय? ज्या संस्थेची सेवा खाट रिकामी होताच संपते, तिची सेवा खाटेची होती, माणसाची नव्हे.

समारोप

हॉस्पिसच्या दर्जाचा इतिहास म्हणजे एका प्रश्नाच्या हळूहळू बदलत गेलेल्या रूपाचा इतिहास होय. प्रथम विचारले गेले, ‘आसरा आहे काय?’ नंतर विचारले गेले, ‘वेदना थांबली काय?’ त्यानंतर ‘समग्र माणसाकडे लक्ष दिले काय?’ आणि अखेरीस ‘हे त्या माणसाच्या तोंडून कळले काय?’ प्रत्येक नवा प्रश्न जुन्यात भर घालीत गेला. जुना कोणताही निकाली निघाला नाही.

दानशूर समाजाच्या दृष्टीने यातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. इमारतीवर नामफलक लावता येतो, रात्रपाळीच्या परिचारिकेच्या पगारावर लावता येत नाही. मॉर्फिनचा साठा अखंड ठेवणे, दोन परिचारिकांना प्रशिक्षणास पाठविणे, घरभेटीसाठी वाहनाची सोय करणे, गावातील दहा-वीस माणसांना आठवड्याचे दोन तास देण्यास तयार करणे, या गोष्टी कोनशिलेवर दिसत नाहीत. परंतु रात्री दोन वाजता ज्याची वेदना उतरते त्याला त्या कळतात. डेव्हिड टास्माने आपली सारी पुंजी एका खिडकीसाठी दिली होती. ती खिडकी आजही सेंट ख्रिस्टोफर्समध्ये आहे. तिच्यामागे उभ्या राहिलेल्या सेवेमुळेच जगाला तिची ओळख राहिली आहे.